त्या रकान्यात मी ‘हो’ लिहिलं

तेरा पानांचा फॉर्म होता. तिसऱ्या पानावर प्रश्न होता : तुम्हाला कधी क्षयरोग झाला होता का? पुढे दोन चौकटी, ‘हो’ आणि ‘नाही’. इचलकरंजीतल्या आमच्या घरात स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी मी लॅपटॉप घेऊन बसले होते. अम्मी भाकऱ्या थापत होती. मी प्रश्न मराठीत वाचून दाखवला. तिने तव्यावरची भाकरी उलटली आणि मान वर न करता म्हणाली, “कायकू लिखती? कोन पुछनेवाला हय?”

युगांडात निर्वासितांसोबत काम करणाऱ्या एका आंतरराष्ट्रीय स्वयंसेवक कार्यक्रमात माझी निवड झाली होती. मुलाखती झाल्या होत्या, शिफारसपत्रं पोचली होती. एमएसडब्ल्यू करून दोन वर्षं इथल्याच वस्त्यांमध्ये काम केल्यावर मिळालेली ही संधी होती. आता फक्त मेडिकल उरलं होतं आणि सगळे म्हणत होते, ‘ते काय, नुसती औपचारिकता.’ ज्याच्या अंगावर कुठलाच जुना आजार नाही, त्याच्यासाठी ती औपचारिकता असेलही. माझ्यासाठी ते सगळ्यात अवघड पान ठरलं.

२०१८ साली, विसाव्या वर्षी, मला टीबी झाला होता. सहा महिने सरकारी दवाखान्यातून गोळ्या घेतल्या. एकही दिवस चुकवला नाही आणि पूर्ण बरी झाले. मात्र ही गोष्ट घरातल्या पाच माणसांच्या बाहेर गेली नव्हती. नातेवाइकांना ‘न्यूमोनिया’ सांगितला होता. पोरीच्या लग्नाचं काय, हा प्रश्न माझ्या खोकल्याच्याही आधी घरात येऊन बसला होता.

पुढे सातव्या पानावर आणखी एक प्रश्न होता : मानसिक आजारासाठी कधी समुपदेशन किंवा औषधं घेतली आहेत का? २०२१च्या मे महिन्यात, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, अब्बा गेले. त्यानंतर मला झोप लागेना, खाणं सुटलं, दिवसचे दिवस मी भिंतीकडे तोंड करून पडून असायचे. कॉलेजमधल्या एका मॅडमनी मला मानसोपचारतज्ज्ञांकडे नेलं. आठ महिने औषधं घेतली. तिथेही उत्तर ‘हो’ असंच होतं.

एका फॉर्ममध्ये दोनदा ‘हो’. मामूंनी फोनवर ऐकलं आणि एवढंच म्हणाले, “म्हणजे गेलं तुझं युगांडा.”

मामूंचा एक्स-रे

मामूंची ही भीती कुठून आली होती, ते मला ठाऊक होतं. २००६ साली ते कुवेतला निघाले होते. आपल्यापैकी ज्यांच्या घरातलं कुणी आखातात गेलं आहे, त्यांना ‘मेडिकल’ या शब्दाचं वजन सांगायला नको. छातीचा एक्स-रे, रक्त, लघवी, कावीळ, एचआयव्ही आणि शेवटी एकच शिक्का, ‘फिट’ किंवा ‘अनफिट’. आखाती देशांच्या या तपासणीत चालू टीबी तर सोडाच, कधीकाळी बऱ्या झालेल्या टीबीचा फुप्फुसावर राहिलेला डागसुद्धा माणसाला अनफिट ठरवत आला आहे. तो डाग म्हणजे भरून आलेल्या जखमेची खूण. त्यातून कुणाला लागण होत नाही, पण एक्स-रेवर तो आयुष्यभर दिसतो.

मामूंच्या छातीत असा डाग होता. एजंटाने पैसे घेऊन इथलं मेडिकल ‘करून दिलं’. तिथे पोचल्यावर इकाम्याच्या आधी पुन्हा तपासणी होते, हे त्याने सांगितलं नव्हतं. तिसऱ्या आठवड्यात मामू परत आले. मामीचे दागिने गहाण पडले होते, ते सोडवायला चार वर्षं लागली. त्याहून वाईट म्हणजे त्यांच्या नावाला ‘अनफिट’ हा शब्द चिकटला. चौकात कुणी विचारलं की ते म्हणायचे, “कंपनी बंद पडली.”

मी मामूंना दोष देत नाही. बरा झालेला माणूस जिथे निव्वळ जुन्या डागामुळे कामावरून परत पाठवला जातो, तिथे नियमच अन्यायाचा आहे, आणि पोटासाठी निघालेल्या माणसाला प्रामाणिकपणाचं प्रवचन देणं सोपं असतं. माझा मुद्दा निराळा आहे. त्या एका तपासणीने आपल्या घराघरांत एक समज पक्का केला आहे : मेडिकल म्हणजे पकडापकडी, डॉक्टर म्हणजे पोलिस आणि आजार म्हणजे गुन्हा. जिथे कुणी पकडायला बसलेलं नाही तिथेही आपण याच भीतीने वागतो. विद्यापीठाची शिष्यवृत्ती असो, परदेशातला अभ्यासक्रम असो की स्वयंसेवेचा कार्यक्रम, आपला हात आपोआप ‘नाही’च्या चौकटीकडे जातो.

तपासणी नेमकं काय विचारते

त्या रात्री मी फॉर्म बाजूला ठेवला आणि ज्या सरकारी दवाखान्यात माझे उपचार झाले होते, तिथल्या क्षयरोग विभागातल्या सिस्टरांना दुसऱ्या दिवशी जाऊन भेटले. त्यांनी मला जे समजावलं, ते पुढे प्रत्येक टप्प्यावर खरं ठरलं. नोकरीचं मेडिकल विचारतं, ‘हा माणूस आमच्या कामाचा आहे का?’ चांगल्या स्वयंसेवक कार्यक्रमाचं मेडिकल विचारतं, ‘हिला तिथे काही झालं, तर आम्ही हिची काळजी घेऊ शकतो का?’ दोन्हींत एक्स-रे एकच असतो. पण दुसऱ्या प्रश्नाला खोटं उत्तर दिलं, तर फसवणूक आपली स्वतःचीच होते.

माझंच उदाहरण देते. युगांडात मलेरिया वर्षभर असतो. बाहेरून जाणाऱ्यांना तो होऊ नये म्हणून प्रतिबंधक गोळ्या घ्याव्या लागतात. त्यासाठी वापरल्या जाणाऱ्या औषधांपैकी एक आहे मेफ्लोक्विन. आठवड्याला एकच गोळी, म्हणून सोयीची. पण ज्यांना नैराश्य आहे किंवा नुकतंच होऊन गेलं आहे, त्यांना ती प्रतिबंधासाठी देऊ नये असा स्पष्ट इशारा आहे. कारण तिचे मनावर गंभीर परिणाम होऊ शकतात. सातव्या पानावर मी ‘नाही’ लिहिलं असतं, तर ही गोळी माझ्या हातात पडू शकली असती. ‘हो’ लिहिलं म्हणून मला डॉक्सिसायक्लिन दिलं गेलं. ते रोज घ्यावं लागतं, उन्हात त्वचा लवकर भाजते, पण मनाला त्याचा त्रास नाही. रमजानमध्ये मी ती गोळी इफ्तारनंतर पोटभर जेवून आणि भरपूर पाणी पिऊन घ्यायचे.

टीबीचंही तसंच. ‘हो’ लिहिल्यावर मला नकार आला नाही, प्रश्न आले. उपचार कधी सुरू झाले, कधी संपले, औषधं कोणती होती, पूर्ण केल्याचा पुरावा काय, आताचा एक्स-रे आणि जुना एक्स-रे यांत फरक आहे का, थुंकीची तपासणी. सहा महिन्यांच्या उपचाराचा पुरावा म्हणून माझ्याकडे होतं एक चुरगळलेलं कार्ड आणि त्यावर लिहिलेला निक्षय क्रमांक. टीबीच्या प्रत्येक रुग्णाची नोंद सरकारच्या ‘निक्षय’ या ऑनलाइन प्रणालीत होते. याच नोंदीवरून २०१८च्या एप्रिलपासून रुग्णाच्या खात्यात पोषणासाठी दरमहा ५०० रुपये जमा होऊ लागले. नोव्हेंबर २०२४पासून ही रक्कम १,००० झाली आहे. अम्मीने ते कार्ड फेकून द्यायला सांगितलं होतं. अब्बांनी ते कपाटात, रेशनकार्डाच्या खाली ठेवलं होतं. त्या क्रमांकावरून दवाखान्याने मला उपचार पूर्ण केल्याचं पत्र दिलं. माझं सगळं प्रकरण त्या एका पत्रावर तरलं.

इथे आणखी एक गोष्ट सांगून ठेवते, कारण अनेकांचा इथे गोंधळ होतो. आपल्याकडे लहानपणी दंडावर बीसीजीची लस टोचतात. त्यामुळे हातावर टोचून करायची मान्टू चाचणी टीबीची लागण नसतानाही पॉझिटिव्ह येऊ शकते. ज्या देशांत बीसीजी सरसकट देत नाहीत, तिथला डॉक्टर तो आकडा पाहून दचकतो. अशा वेळी इग्रा ही रक्ताची चाचणी मागावी. तिच्यावर बीसीजीचा परिणाम होत नाही. मान्टूचा निकाल आला म्हणून घाबरून अर्ज मागे घेण्याचं काही कारण नाही.

न तपासता मिळणारा ‘फिट’

या सगळ्यात मला एक सोपी वाटही दाखवली गेली. आमच्या भागातल्या एका दवाखान्यात मी फॉर्म घेऊन गेले. डॉक्टरांनी नाडीसुद्धा पाहिली नाही. म्हणाले, “शिक्का मारून देतो, दोनशे द्या. जुनं काही लिहू नका, उगाच शंका काढतात.” ते वाईट माणूस नाहीत, रात्री बारालाही दार उघडतात. पण आपल्याकडे फिटनेस सर्टिफिकेट ही तपासणीनंतर नव्हे, पैसे दिल्यानंतर मिळायची गोष्ट झाली आहे. शाळा, लायसन्स, नोकरी, सगळीकडे हेच.

त्या कागदाचा उपयोग फक्त विमान सुटेपर्यंत असतो. तिथे माझ्यासोबत एक मुलगा होता. दुसऱ्या देशातला, माझ्याहून हुशार आणि कष्टाळू. त्याने दमा लपवला होता. बरोबर आणलेले इनहेलर संपल्यावर तो तीन आठवडे गप्प राहिला. एका रात्री त्याला श्वास घेता येईना. दोन गाड्या, एक नर्स आणि एक ड्रायव्हर यांची रात्र त्याला मोठ्या रुग्णालयात पोचवण्यात गेली. तो वाचला, पण विम्यावरून वाद झाला, कारण आधीचा आजार सांगितलेला नव्हता. त्याला घरी परतावं लागलं. त्याच्या भरवशावर सुरू केलेला मुलांचा वर्ग महिनाभर बंद राहिला. सुरुवातीलाच सांगितलं असतं, तर इनहेलरचा साठा आणि जवळ दवाखाना असलेली जागा, एवढ्यावर भागलं असतं.

मुलींसाठी थोडं वेगळं

मैत्रिणींनो, तुमच्यासाठी हा रस्ता थोडा जास्त चढणीचा आहे, हे मी लपवणार नाही. माझ्या यादीत गर्भचाचणी होती. ते वाचून अम्मीचा चेहरा उतरला. “बिनलग्नाच्या पोरीला हे काय विचारतात?” हा आरोप नाही, हे तिला पटवायला मला दोन दिवस लागले. गर्भ असेल तर एक्स-रेबाबत काळजी घ्यावी लागते, आणि पिवळ्या तापाची लस ही जिवंत विषाणूची असल्यामुळे गरोदरपणात शक्यतो देत नाहीत. म्हणून तो प्रश्न प्रत्येक बाईला विचारतात, लग्न झालेलं असो वा नसो.

यादीत स्त्रीरोग तपासणीही होती. मी तिथल्या वैद्यकीय विभागाला पत्र लिहून विचारलं की मला कोणतीही तक्रार नसताना ती आवश्यक आहे का. चार दिवसांनी उत्तर आलं : नाही, सोडून दिली तरी चालेल. विचारलं नसतं, तर मी एक तर ती मनाविरुद्ध करून घेतली असती किंवा अर्जच सोडला असता. एक्स-रेच्या वेळी बाई तंत्रज्ञ मागता येते, तपासणीच्या वेळी सोबत कुणाला तरी ठेवता येतं. मागितल्यावर बहुतेक ठिकाणी मिळतं. लाज वाटते म्हणून गप्प बसू नका.

हक्कांबद्दलही थोडं माहीत असावं. एचआयव्हीची चाचणी तुमच्या माहितीपूर्ण संमतीशिवाय करता येत नाही. २०१७चा कायदा तसं सांगतो. मानसिक आजाराबद्दलची माहिती गोपनीय राखली जाण्याचा आणि आपल्या उपचारांच्या नोंदी मिळण्याचा हक्क २०१७च्याच मानसिक आरोग्य कायद्याने दिला आहे. दवाखान्यात दाखल झालेल्या रुग्णाने नोंदी मागितल्या, तर डॉक्टरांनी त्या ७२ तासांत द्याव्यात, असा भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२च्या आचारसंहितेचा नियम आहे. मात्र त्याच नियमांत या नोंदी जपण्याची मुदत तीनच वर्षांची आहे. म्हणजे दहा वर्षांपूर्वीच्या ऑपरेशनचा कागद आज दवाखान्यात मिळेलच असं नाही. तो तुमच्याच कपाटात असायला हवा.

दोष फक्त आपला नाही

आता दुसरी बाजू. कार्यक्रम चालवणाऱ्यांनाही मला काही सुनावायचं आहे.

माझी तपासणी नऊ आठवडे चालली आणि खर्च झाला जवळपास १९,००० रुपये. एक्स-रे, रक्ताच्या चाचण्या, दातांची तपासणी, लसी, त्यात मुंबईच्या दोन फेऱ्या. पिवळ्या तापाची लस कुठल्याही दवाखान्यात मिळत नाही. सरकारने ठरवून दिलेल्या केंद्रांवर, ठरलेल्या दिवशीच मिळते. हातकणंगल्याहून रात्रीची महालक्ष्मी एक्स्प्रेस पकडायची, सकाळी रांगेत उभं राहायचं, ते पिवळं कार्ड घ्यायचं आणि संध्याकाळी परत. कार्ड दहा दिवसांनी लागू होतं, आणि जुलै २०१६पासून ते आयुष्यभरासाठी चालतं. हे आधी कुणी सांगितलं असतं, तर तारखा जुळवताना माझी दुसरी फेरी वाचली असती. परत येतानाही ते जपावं लागतं. युगांडासारख्या देशातून कार्डाशिवाय भारतात उतरणाऱ्याला सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवलं जाऊ शकतं.

हे १९,००० मी आधी भरले. निम्मे परत मिळाले, तेही पाच महिन्यांनी. ज्या घरात अशी रक्कम बाजूला काढणं शक्य नाही, त्या घरातली मुलगी निवड होऊनही इथेच गळते. मग कार्यक्रमाच्या पत्रकांवर ‘सर्व समाजघटकांतील तरुणांना संधी’ असं छापून काय उपयोग? फॉर्मसुद्धा असा बनवलेला, जणू प्रत्येकाला जन्मापासून एकच फॅमिली डॉक्टर असतो आणि तो सगळ्या नोंदी संगणकात ठेवतो. आपल्याकडे औषध दुकानदाराला विचारून घेतलं जातं आणि चिठ्ठी पावसात भिजून जाते.

म्हणून माझ्या चार मागण्या आहेत. तपासणीचा खर्च निवड झाल्याबरोबर कार्यक्रमाने उचलावा, नंतर परत देण्याच्या बोलीवर नको. कोणत्या आजारात खरंच जाता येत नाही आणि कोणत्या आजारात फक्त व्यवस्था करावी लागते, हे अर्जाच्या आधीच जाहीर करावं. नकार दिला, तर कारण लेखी द्यावं आणि त्याविरुद्ध दाद मागायची सोय ठेवावी. आणि जुना, बरा झालेला आजार हा नकाराचा आधार असू नये. २०२३ मध्ये जगात १ कोटी ८ लाख लोकांना टीबी झाला, त्यांतले साधारण २६ टक्के भारतातले, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. बऱ्या झालेल्या टीबीला दार बंद करायचं म्हटलं, तर आपल्या वस्त्यांमधल्या किती मुलामुलींना ते बंद होईल, याचा विचार करा.

प्रामाणिकपणा मला फुकट पडला, असंही म्हणणार नाही. मला यायचं होतं बिडीबिडीत. युम्बे जिल्ह्यातली ही वसाहत दक्षिण सुदानमधून आलेल्या निर्वासितांसाठी २०१६ मध्ये उभी राहिली. युगांडात १० लाखांहून जास्त निर्वासित आहेत, आफ्रिकेत सगळ्यात जास्त. निवडीच्या वेळी मला तिथली मुलांची शाळा मिळाली होती. मेडिकलनंतर पत्र आलं : मंजुरी आहे, पण अट अशी की नेमणूक मोठं रुग्णालय जवळ असलेल्या शहरातच होईल. मला आरुआ शहरातल्या कार्यालयात बसवलं. वसाहतीत महिन्यातून दोन-तीनदाच जायला मिळायचं. पहिला महिना मी चरफडत काढला. ‘नाही’ लिहिलं असतं तर, हा विचार मनात आला नाही असं नाही.

चौथ्या महिन्यात मला ताप आणि खोकला सुरू झाला. खोकला म्हटल्यावर मनात एकच गोष्ट आली आणि मी रात्रभर रडले. सकाळी दवाखान्यात गेले, तर डॉक्टरांच्या समोर माझी फाइल आधीच उघडलेली होती. त्यांनी त्याच दिवशी थुंकीची तपासणी केली, एक्स-रे काढला, जुन्या फिल्मशी ताडून पाहिला. टीबी नव्हता. मलेरिया होता, गोळ्या घेऊनही तो कधीकधी होतोच. तीन दिवसांत ताप उतरला. माझा जुना आजार तिथे कुणाला नव्याने सांगावा लागला नाही, की लपवत बसावं लागलं नाही. त्या दिवशी त्या अटीवरचा माझा राग बराचसा ओसरला.

आपल्या मोहल्ल्यात काय करता येईल

हजला जाणाऱ्यांसाठी आपण काय काय करतो, ते आठवा. फॉर्म भरायला पोरं बसतात. मार्गदर्शन शिबिरं होतात. मेनिंजायटिसची लस सौदीला पोचायच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते, हे शाळेचं तोंड न पाहिलेल्या दादीलाही ठाऊक असतं. वैद्यकीय दाखला, लसीचं कार्ड, औषधांची चिठ्ठी, सगळं एका पिशवीत घालून गळ्यात अडकवलं जातं. मधुमेह आहे, रक्तदाब आहे, बायपास झाली आहे, हे सांगायला तिथे कुणी लाजत नाही. सांगितलं नाही, तर अराफातच्या उन्हात काय होईल हे सगळ्यांना समजतं.

हीच शिस्त आपल्या तरुण मुलामुलींसाठी का असू नये? संयुक्त राष्ट्रांचा स्वयंसेवक कार्यक्रम १९७० साली आमसभेच्या ठरावाने स्थापन झाला, त्याचं मुख्यालय जर्मनीत बॉन इथे आहे. त्यात १८ ते २६ वयाच्या तरुणांसाठी वेगळी श्रेणी आहे, २७च्या पुढे अनुभवी लोकांसाठी वेगळी. निवड झालेल्यांना निर्वाहभत्ता मिळतो, वैद्यकीय विमा मिळतो. किती मुस्लिम मराठी मुलामुलींनी त्यात नाव नोंदवलं आहे? आपण सेवेचं बोलतो ते बहुतेक वेळा आपल्याच मोहल्ल्यापुरतं, आपल्याच जमातीपुरतं. जिथे आपली भाषा नाही, आपला मजहब असेलच असं नाही, तिथे जाऊन अनोळखी माणसासाठी राबणं, हे नागरिक म्हणून मोठं होणं आहे. बिडीबिडीतल्या शाळेत ज्या आईने मला तिच्या घरी नेऊन भाजलेलं मक्याचं कणीस दिलं, ती ख्रिस्ती होती. तिने मला तू कोण, असं विचारलं नाही. पोरं शिकतायत का, एवढंच विचारलं.

आपल्या चळवळीचे कार्यकर्ते प्रत्येक गावात आहेत. एका रविवारी, एखाद्या वाचनालयात, दहावीच्या पुढच्या मुलामुलींना बोलावून त्यांच्या आरोग्याची एक-एक फाइल बनवून द्यायला काय लागतं? लसीकरणाचं कार्ड, रक्तगट, झालेली ऑपरेशनं, चालू औषधं, टीबी झाला असेल तर निक्षय क्रमांक आणि उपचार पूर्ण झाल्याचं पत्र. परदेशी जाणं असो वा नसो, ही फाइल उपयोगी पडते. सोबत एखादा डॉक्टर आणि एखादा मानसोपचारतज्ज्ञ बसला, तर आणखी चांगलं.

आणि कुणाला मंजुरी मिळाली नाही तर? तसंही होईल. काही आजारांत दूरच्या देशात जाणं खरंच धोक्याचं असतं. त्या नकाराला चौकातल्या बदनामीचं रूप देऊ नका. आपल्या मजहबातही आजाऱ्याला आणि मुसाफिराला रोजाची सवलत आहे, आणि ती घेणाऱ्याला कुणी कमी मुसलमान म्हणत नाही. हमीद दलवाई १९७७ साली मूत्रपिंडाच्या विकाराने गेले, तेव्हा ते पंचेचाळीस वर्षांचेही नव्हते. शेवटच्या काळात कुठल्याही फॉर्मवर त्यांना ‘फिट’चा शिक्का मिळाला नसता. त्यांचं काम त्या शिक्क्यावर अवलंबून नव्हतं. ज्याला युगांडाला जाता येत नाही, त्याच्यासाठी इचलकरंजीत, मालेगावात, भिवंडीत, मुंब्य्रात काम पडून आहे.

मी परत आले त्याला आता काही महिने झाले. मागच्या आठवड्यात शेजारच्या भाभी त्यांच्या मुलीला घेऊन आमच्या घरी आल्या. सतरा वर्षांची पोर, नुकत्याच गोळ्या सुरू झालेल्या, डोळे खाली. भाभी दबक्या आवाजात म्हणाल्या, कुणाला सांगू नका. मी काही बोलायच्या आधी अम्मीच म्हणाली, “माझ्या पोरीलाही झाला होता. आफ्रिकेला जाऊन आली ती.” मग त्या मुलीकडे वळून म्हणाली, “सहा महिने एकही गोळी चुकवू नकोस. आणि ते कार्ड असतं ना, ते जपून ठेव. पुढे लागतं.”

तुमच्याकडेही असं एखादं कार्ड असेल, तर आज ते शोधून ठेवा. आणि पुढच्या फॉर्मवर तो प्रश्न आला, तर घाबरू नका. खरं लिहा, पुरावा जोडा आणि त्यांनाही प्रश्न विचारा.